राइट क्लिकचा मेन्यू आपल्या सोयीने कसा लावावा

विंडोजमध्ये एखाद्या फाईलवर राइट क्लिक केलं की जी यादी उघडते, ती आपण कधी लावलेलीच नसते. दर नवा प्रोग्राम येताना आपल्या नावाची ओळ तिच्यात घुसवतो आणि पुष्कळदा जाताना ती तशीच मागे ठेवतो. भाडेकरूंनी घरमालकाला न विचारता दारावर आपापल्या पाट्या ठोकाव्यात, तसा प्रकार. मग दोन-तीन वर्षं वापरलेल्या कॉम्प्युटरवर साधं 'प्रॉपर्टीज' गाठायलाही नजर खालवर फिरवावी लागते, आणि रोज लागणारं काम मात्र त्या लांबलचक यादीत नसतंच.

ही यादी बदलता येते. त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही. बरंचसं काम रजिस्ट्रीला, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं त्या आतल्या नोंदवहीला, हातही न लावता होतं. यूट्यूबवरचे सल्ले बहुधा थेट रजिस्ट्री एडिटर उघडायला सांगून सुरू होतात. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. आधी नको ते काढा, मग 'सेंड टू' नीट वापरायला शिका, आणि एवढ्यावर भागलं नाही तरच रजिस्ट्रीत उतरा. लेखाचा क्रमही तोच ठेवला आहे.

एक सूचना आधीच. मेन्यूतली आणि रजिस्ट्रीतली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील, आणि जिथे टाइप करायला सांगितलं आहे तिथे ती इंग्रजीतच टाइप करायची. मजकूर विंडोज 11 धरून आहे. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, पण त्यावर चालणारे कॉम्प्युटर काही त्या दिवशी बंद पडले नाहीत; तेव्हा त्यात काय वेगळं आहे ते त्या-त्या ठिकाणी येईलच.

मेन्यू एक नाही, दोन आहेत

5 ऑक्टोबर 2021 ला विंडोज 11 आलं आणि राइट क्लिकचा मेन्यू दोन मजली झाला. पहिल्यांदा उघडतो तो आटोपशीर, गोल कोपऱ्यांचा नवा मेन्यू. कट, कॉपी, नाव बदलणं, शेअर, डिलीट ही कामं त्यात चित्रांच्या एका ओळीत बसवलेली असतात. सुरुवातीला त्या चित्रांवर नावं नव्हती, त्यामुळे लोक 'कॉपी गेलं कुठे' म्हणून शोधत बसायचे. 2024 च्या मोठ्या अपडेटनंतर चित्रांखाली शब्द आले. याच मेन्यूच्या तळाशी 'शो मोअर ऑप्शन्स' असतं. तिथे क्लिक केलं की विंडोज 10 सारखा जुना, लांब मेन्यू उघडतो.

हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण आपण 'सेंड टू'मध्ये किंवा रजिस्ट्रीत जे काही घालणार आहोत ते जुन्या मेन्यूत दिसतं. नव्या मेन्यूत शोधलं आणि सापडलं नाही, तर काम बिघडलं असं समजू नका. जुना मेन्यू थेट उघडायचा तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. माउस नको असेल तर फाईल निवडून शिफ्ट आणि एफ10. चार दिवसांत बोटांना सवय होते.

जुना मेन्यूच कायमचा पहिला यावा म्हणून रजिस्ट्रीत एक लांबलचक आकड्या-अक्षरांची की (रजिस्ट्रीतल्या कप्प्याला 'की' म्हणतात) घालण्याची युक्ती सगळीकडे फिरत असते. ती चालते, पण नवशिक्यानं त्या वाटेला जाण्याचं कारण मला दिसत नाही. शिफ्टचं बटण डाव्या करंगळीखालीच आहे.

आणखी एक गोष्ट. राइट क्लिक कुठे करता त्यावर मेन्यू बदलतो: फाईलवर एक, फोल्डरवर दुसरा, फोल्डरच्या आतल्या रिकाम्या जागेत तिसरा, डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेत चौथा. 'मला मेन्यूत अमुक हवं' असं म्हणताना आधी ठरवा, कशावर क्लिक केल्यावर हवं. पुढे रजिस्ट्रीत जागा निवडताना सगळा खेळ यावरच आहे.

आधी गर्दी कमी करा

सगळ्यात सोपा उपाय लोक सर्वात शेवटी करतात. ज्या प्रोग्रामची ओळ नको आहे, त्याच्याच सेटिंगमध्ये ती बंद करण्याची सोय बहुधा असते.

फाईली झिप करणारा सेव्हन-झिप हा प्रोग्राम घ्या. स्टार्टमधून सेव्हन-झिप फाईल मॅनेजर उघडा, 'टूल्स'मध्ये 'ऑप्शन्स', आणि तिथे 'सेव्हन-झिप' नावाचा टॅब. त्यात मेन्यूत येणाऱ्या एकूण एक ओळीसमोर टिकचा चौकोन आहे. झिप करून ईमेल करणं वगैरे कधीच लागत नसेल तर टिक काढा. वर 'कॅस्केडेड' शब्द असलेला एक पर्याय आहे. तो चालू ठेवला की सगळ्या ओळी एका उपमेन्यूत गोळा होतात आणि मुख्य यादीत एकच ओळ उरते. विनरारमध्ये हेच काम 'ऑप्शन्स', 'सेटिंग्ज', 'इंटिग्रेशन' या वाटेनं होतं.

विंडोजबरोबर आलेल्या काही ओळी ॲप काढलं की जातात. व्हिडिओ एडिटिंगशी संबंध नसेल आणि 'एडिट विथ क्लिपचॅम्प' डोळ्यांत खुपत असेल, तर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथून क्लिपचॅम्प काढून टाका. ओळही जाईल.

नवीन काही इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत न सुटता 'कस्टम'चा पर्याय दिसला तर तो उघडून पाहा. व्हीएलसीसारखा प्रोग्राम तिथे कॉन्टेक्स्ट मेन्यूचा, म्हणजे राइट क्लिकच्या मेन्यूचा, चौकोन वेगळा दाखवतो. टिक तिथेच काढली की नंतर शोधाशोध नको.

मेन्यू उघडायला वेळ लागत असेल तर

राइट क्लिक केल्यावर निळं चक्र फिरत राहतं, कधी सगळ्या खिडक्या बंद होऊन टास्कबारही क्षणभर गायब होतो. हा त्रास का होतो हे कळलं तर इलाज सोपा आहे.

मेन्यूतल्या ओळी दोन जातीच्या असतात. एक नुसती नोंद: 'हे नाव दाखव आणि क्लिक केलं की ही आज्ञा चालव.' ती वाचायला वेळ लागत नाही. दुसरी जात शेल एक्स्टेन्शनची. तिच्यात त्या प्रोग्रामचा एक तुकडा मेन्यू उघडताना एक्सप्लोररच्या (फाईली, डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामच्या) पोटात शिरतो, फाईल बघतो आणि मग कोणत्या ओळी दाखवायच्या ते ठरवतो. तो तुकडा जुना, अर्धवट काढलेला किंवा बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हची वाट बघत बसणारा असला, की त्याच्यापायी अख्खा मेन्यू खोळंबतो. कोसळला तर एक्सप्लोररला घेऊन कोसळतो.

दोषी तुकडा शोधायला निरसॉफ्टचं 'शेलएक्सव्ह्यू' हे मोफत साधन चांगलं आहे. ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, आणि 64 बिट विंडोज असेल तर 64 बिटचंच घ्या, नाहीतर यादी अर्धवट दिसते. उघडल्यावर शेकडो ओळी दिसतील, घाबरू नका. 'ऑप्शन्स'मध्ये मायक्रोसॉफ्टची एक्स्टेन्शन्स लपवण्याचा पर्याय आहे तो निवडा. उरतील ती बाहेरच्या प्रोग्रामची, आणि ती फारशी नसतात.

आता एकेक बंद करत बसायची गरज नाही. 'टाइप' या रकान्यावर क्लिक करून यादी लावून घ्या आणि 'कॉन्टेक्स्ट मेन्यू' प्रकारातली निम्मी निवडून एफ7 दाबा. ती बंद होतील. टास्क मॅनेजर उघडून 'विंडोज एक्सप्लोरर'वर राइट क्लिक करा, 'रीस्टार्ट' द्या आणि मेन्यू उघडून पाहा. झटकन उघडला, तर दोषी बंद केलेल्या निम्म्यात आहे. नाही, तर उरलेल्या निम्म्यात. ज्या अर्ध्यात संशय आहे त्याचे पुन्हा दोन भाग करा. सोळा एक्स्टेन्शन्स असतील तर अशा चार फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. बाकीची एफ8 दाबून परत चालू करा.

यात काहीच डिलीट होत नाही, फक्त बंद होतं. म्हणून नवशिक्यालाही हे करायला हरकत नाही. मात्र अँटिव्हायरसची ओळ नुसती आवडत नाही म्हणून इथे बंद करू नका. ती त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून काढता येते का ते आधी बघा.

सेंड टू: दुर्लक्षित पण सगळ्यात उपयोगी

जुन्या मेन्यूत 'सेंड टू' ही ओळ विंडोज 95 पासून आहे. तिच्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, ब्लूटूथ, झिप फोल्डर असं काहीबाही असतं आणि बहुतेकांचा समज असा की ते तसंच असतं. प्रत्यक्षात 'सेंड टू' म्हणजे एक साधं फोल्डर आहे. त्यात तुम्ही जो शॉर्टकट ठेवाल तो मेन्यूत दिसतो. काढला की जातो. परवानगी लागत नाही, कॉम्प्युटर बिघडण्याचा प्रश्न येत नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ॲडमिनचा पासवर्ड नसला तरी बहुधा चालतं.

ते फोल्डर असं उघडा: विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी 'रन' खिडकी येईल. तिच्यात शेल, मग कोलनचं चिन्ह, मग सेंडटू असं टाइप करा, मध्ये कुठेही जागा न सोडता, आणि एंटर.

समजा तुम्ही सोसायटीचं काम बघता आणि येणारी प्रत्येक पावती, प्रत्येक पत्र स्कॅन होऊन 'डाउनलोड्स'मध्ये पडतं. ते 'सोसायटी 2025-26' या फोल्डरात टाकायचं असतं. त्या फोल्डरवर राइट क्लिक करा आणि 'सेंड टू'मधूनच 'डेस्कटॉप, क्रिएट शॉर्टकट' निवडा. डेस्कटॉपवर आलेला शॉर्टकट कट करून सेंड टूच्या फोल्डरात पेस्ट करा. त्याचं नाव बदलून 'सोसायटीत टाका' ठेवा. मराठी नाव व्यवस्थित चालतं. आता कुठलीही फाईल निवडून शिफ्टसह राइट क्लिक, 'सेंड टू', 'सोसायटीत टाका'. दोन खिडक्या शेजारी लावून फाईल ओढत नेण्याची कटकट संपली.

इथे एक मेख आहे. 'सेंड टू' म्हणजे विंडोजच्या लेखी फाईल ओढून त्या फोल्डरवर सोडणंच. त्यामुळे ओढण्याचा नियम इथेही लागतो: फाईल आणि फोल्डर एकाच ड्राइव्हवर असतील तर फाईल तिकडे जाते, मूळ जागी राहत नाही, ड्राइव्ह वेगळे असतील तर प्रत निघते. प्रतच हवी असेल तर कंट्रोल दाबून ठेवून ती ओळ निवडा, हलवायचीच असेल तर शिफ्ट दाबून. पहिल्यांदा एखाद्या बिनमहत्त्वाच्या फाईलवर करून बघा आणि मग भरवसा ठेवा.

फोल्डरऐवजी प्रोग्रामचा शॉर्टकट ठेवला तर निवडलेली फाईल त्या प्रोग्रामात उघडते. एखादा प्रोग्राम त्या प्रकारच्या फाईलींसाठी डिफॉल्ट नको, पण अधूनमधून हवा असतो, तिथे हे फार सोयीचं. फोटो नेहमी फोटोजमध्ये उघडावेत, पण कधीमधी एडिटरमध्ये हवेत. तर एडिटरचा शॉर्टकट सेंड टूमध्ये टाका. दहा फोटो निवडून पाठवले तर दहाही एकदम त्या प्रोग्रामकडे जातात.

आहेत त्यातल्या नको त्या गोष्टी, उदाहरणार्थ कधीच न लागणारा फॅक्सचा पर्याय, याच फोल्डरातून डिलीट करता येतात. शंका असेल तर डिलीट न करता दुसरीकडे हलवून ठेवा. सेंड टूची यादी उघडायलाच वेळ लागत असेल तर तिथे एखाद्या आता नसलेल्या नेटवर्क फोल्डरचा शॉर्टकट पडून आहे का ते बघा.

पॉवरटॉइज: तयार ओळी

मायक्रोसॉफ्टचंच 'पॉवरटॉइज' हे मोफत साधन मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून मिळतं. त्यात बऱ्याच गोष्टी आहेत. सगळ्या चालू ठेवू नका. राइट क्लिकपुरत्या तीन बघा.

'इमेज रिसायझर' हे त्यातलं पहिलं. एक किंवा शंभर फोटो निवडा, राइट क्लिक करा, लहान-मध्यम-मोठा यापैकी आकार निवडा. नव्या आकाराच्या प्रती त्याच फोल्डरात तयार होतात आणि मूळ फोटो जागच्या जागी राहतात. मध्यम आकार 1366 बाय 768 पिक्सेलचा आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचे आकार घालता येतात. भरती परीक्षांचे ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्यांनी हे जरूर करावं: फॉर्म ज्या मापाचा फोटो आणि सही मागतो ती मापं नाव देऊन एकदाच साठवून ठेवायची. एवढं लक्षात असू द्या की हे साधन पिक्सेलमध्ये बोलतं, केबीमध्ये नाही. 'फोटो अमुक केबीच्या आत हवा' अशी अट असेल तर आकार लहान करा, नाहीतर सेटिंगमधली जेपेगची गुणवत्ता 90 वरून थोडी खाली आणा आणि फाईलचं वजन तपासा.

'फाईल लॉकस्मिथ' दुसरं. फाईल डिलीट करायला गेलात आणि विंडोज म्हणालं की ती दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे, पण कोणत्या ते सांगितलं नाही, की या ओळीवर क्लिक करा. ते नाव सांगतं.

तिसरं 'न्यू प्लस', आणि पत्रं-बिलं करणाऱ्यांसाठी हे सर्वात मोलाचं. रिकाम्या जागेत राइट क्लिक करून 'न्यू'मधून कोरी वर्ड फाईल काढणं सगळ्यांना माहीत असतं. पण कोरी फाईल कुणाला हवी असते? हवं असतं लेटरहेड असलेलं पत्र, जीएसटीचे रकाने मांडलेलं बिल, प्रत्येक अशिलासाठी 'कागदपत्रे', 'पत्रव्यवहार', 'पावत्या' असे तीन कप्पे असलेलं फोल्डर. पॉवरटॉइजमध्ये न्यू प्लस चालू करा, त्याच्या सेटिंगमधूनच टेम्प्लेटचं फोल्डर उघडा आणि तुमचे नमुने त्यात ठेवा. अख्खं फोल्डर ठेवलं तर त्याच्या पोटातल्या फोल्डरांसह त्याची प्रत निघते. यादीतला क्रम आपल्या मनासारखा हवा तर नावांच्या सुरुवातीला 01, 02 असे आकडे घाला. सुरुवातीचे आकडे मेन्यूत न दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. नावात आजची तारीख आपोआप घालण्याचीही.

जुन्या पद्धतीत 'न्यू'च्या यादीत स्वतःचा नमुना घालायला रजिस्ट्रीत बरीच खटपट करावी लागायची. आता ती करू नये.

रजिस्ट्रीतून स्वतःची ओळ

अजूनही काही हवं असेल, तर आता रजिस्ट्री. ठरवायचा नियम एकच, पण तो मोडू नका: आपण फक्त 'एचकी करंट यूजर' या शाखेत काम करायचं. ती तुमच्या खात्यापुरती असते. तिथे चूक झाली तरी घरातल्या दुसऱ्याच्या खात्याला किंवा विंडोजच्या मुळाला धक्का लागत नाही. बऱ्याच ठिकाणी 'एचकी क्लासेस रूट'मध्ये जायला सांगतात. तिथल्या बदलाचा परिणाम सगळ्या खात्यांवर होऊ शकतो.

उदाहरण असं घेऊ: डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेत राइट क्लिक केलं की 'महिन्याचा हिशेब उघडा' अशी ओळ यावी आणि तिच्यावर क्लिक केलं की तुमची एक्सेलची फाईल उघडावी.

1. आधी त्या एक्सेल फाईलवर राइट क्लिक करून 'कॉपी ॲज पाथ' निवडा. विंडोज 10 मध्ये ही ओळ शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं तरच दिसते. यानं फाईलचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांसह कॉपी होतो. काम संपेपर्यंत दुसरं काही कॉपी करू नका.

2. विंडोजचं बटण आणि आर दाबून 'रेजएडिट' टाइप करा, एंटर, आणि परवानगी विचारली की 'यस'.

3. डावीकडे 'एचकी करंट यूजर' उघडा, त्यात 'सॉफ्टवेअर', त्यात 'क्लासेस'. काही बदलण्यापूर्वी 'क्लासेस'वर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करा आणि ती फाईल जपून ठेवा.

4. 'क्लासेस'वर राइट क्लिक, 'न्यू', 'की', आणि नाव 'डेस्कटॉपबॅकग्राउंड', सलग एकच शब्द. त्याच्या आत तसंच 'शेल' नावाची की. आधीपासून असतील तर नव्याने करू नका.

5. 'शेल'च्या आत आणखी एक की. हिचं नाव तुमच्या मर्जीचं, साध्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. ती निवडून उजवीकडे 'डिफॉल्ट'वर डबल क्लिक करा आणि लिहा: महिन्याचा हिशेब उघडा. हे देवनागरीत लिहायचं, कारण मेन्यूत हेच दिसणार आहे.

6. त्याच कीच्या आत 'कमांड' नावाची की करा. तिच्या 'डिफॉल्ट'मध्ये 'एक्सप्लोरर' टाइप करा, एक स्पेस द्या आणि कंट्रोल-व्ही दाबून पत्ता पेस्ट करा. अवतरणचिन्हं तशीच राहू द्या.

कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागत नाही. डेस्कटॉपवर जाऊन शिफ्टसह राइट क्लिक करा. ओळ आलेली असेल.

ओळ दिसते पण काही उघडत नाही, तर नव्वद टक्के वेळा 'कमांड' ही की चुकीच्या जागी केलेली असते, म्हणजे तुमच्या कीच्या आत नाही तर तिच्या शेजारी. डावीकडचा जिना पुन्हा तपासा: डेस्कटॉपबॅकग्राउंड, त्यात शेल, त्यात तुमची की, त्यात कमांड. आणि नावात '&' चिन्ह वापरलंत तर ते मेन्यूत गायब होईल. हवंच असेल तर दोनदा टाइप करा.

थोडी सजावटही करता येते. तुमच्या कीवर राइट क्लिक करून 'न्यू', 'स्ट्रिंग व्हॅल्यू' घ्या. तिचं नाव 'पोझिशन' आणि किंमत 'टॉप' ठेवली तर ओळ वर जाते, 'बॉटम' ठेवली तर तळाशी. नाव 'आयकन' ठेवून किंमतीत एखाद्या प्रोग्रामच्या फाईलीचा पत्ता दिलात तर त्याचं चित्र ओळीपुढे येतं. इथे मात्र अवतरणचिन्हं काढून टाका. नाव 'एक्स्टेंडेड' ठेवून किंमत रिकामी ठेवली तर ती ओळ फक्त शिफ्ट दाबल्यावरच दिसते. विंडोज 10 वर क्वचित लागणाऱ्या ओळी अशा लपवून ठेवणं मला आवडतं. विंडोज 11 वर जुना मेन्यू आपण बहुधा शिफ्ट दाबूनच उघडत असल्यानं त्याला तितका अर्थ उरत नाही.

फाईलवर, फोल्डरवर अशा इतर ठिकाणी ओळ हवी असेल तर पद्धत हीच, फक्त 'क्लासेस'च्या आतली पहिली की बदलते. कुठल्याही फाईलसाठी तिचं नाव नुसता तारा, म्हणजे '*'. फोल्डरसाठी 'डिरेक्टरी'. फोल्डरच्या आतल्या रिकाम्या जागेसाठी 'डिरेक्टरी'च्या आत 'बॅकग्राउंड'. ड्राइव्हसाठी 'ड्राइव्ह'. फक्त फोटोंसाठी 'सिस्टमफाईलअसोसिएशन्स' ही अनेकवचनी, सलग लिहिलेली की आणि तिच्या आत 'इमेज'. या प्रत्येकाच्या आत पुढे 'शेल', तुमची की, 'कमांड'.

निवडलेल्या फाईलवर काम करायचं असेल तर आज्ञेत प्रोग्रामच्या पत्त्यानंतर एक स्पेस देऊन "%1" लिहायचं. या जागी विंडोज फाईलचा पत्ता घालतं. अवतरणचिन्हं विसरू नका. ती नसतील आणि फाईल 'लग्नाचे फोटो 7.जेपीजी' अशी असेल, तर प्रोग्रामला 'लग्नाचे', 'फोटो' आणि '7.जेपीजी' अशा तीन वेगळ्या गोष्टी मिळू शकतात आणि तो 'फाईल सापडत नाही' म्हणून हात वर करतो. फोल्डरच्या रिकाम्या जागेसाठी मात्र टक्क्याच्या चिन्हानंतर 1 नाही, कॅपिटल व्ही लागतो.

अशी ओळ दहा फाईलींवर चालवली तर प्रोग्राम साधारण दहा वेळा वेगवेगळा उघडतो. 'सेंड टू' सगळ्या फाईली एकदम देतं, हा त्याचा रजिस्ट्रीवरचा मोठा वरचष्मा. आणि पंधरापेक्षा जास्त फाईली निवडल्या की 'ओपन', 'प्रिंट' यांसारख्या काही ओळी मेन्यूतून नाहीशा होतात. चुकून शेकडो खिडक्या उघडू नयेत म्हणून विंडोजनं मुद्दाम घातलेली ती मर्यादा आहे. कमी फाईली निवडा, ओळ परत येते.

केलेली ओळ काढायची तर 'शेल'च्या आतली तुमची की डिलीट करा. आतली 'कमांड' तिच्याबरोबर जाते. आधी एक्स्पोर्ट केलेल्या फाईलीवर डबल क्लिक केल्यानं जुन्या गोष्टी परत येतात, पण तुम्ही नव्या घातलेल्या की त्यानं जात नाहीत. त्या हातानंच काढाव्या लागतात.

तयार रेग फाईली

'या फाईलीवर डबल क्लिक करा, झालं' असे रजिस्ट्रीचे तयार बदल व्हॉट्सॲपवरही येतात. डबल क्लिक करण्याआधी ती फाईल राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडा. साधा मजकूर असतो, वाचता येतो. चौकटी कंसात शाखांची नावं दिसतील. ती 'एचकी करंट यूजर'नं सुरू होतात का बघा. उघडणाऱ्या चौकटी कंसानंतर लगेच उणे चिन्ह असेल तर ती शाखा आतल्या सगळ्यासकट डिलीट होणार आहे. आणि आज्ञेत एखादा वेबपत्ता किंवा वाचता न येणारी अक्षरांची लांब माळ दिसली, तर फाईल तिथेच काढून टाका.

अख्खा मेन्यूच नव्याने मांडणारे प्रोग्रामही आहेत. 'नाइलसॉफ्ट शेल' त्यातलं नावाजलेलं. त्याची मांडणी एका मजकूर फाईलीत लिहावी लागते, त्यामुळे ते सहा महिन्यांनी, वरच्या गोष्टी अंगवळणी पडल्यावर बघा.

नवीन लॅपटॉप घेतलात तर

सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. सेंड टूचं फोल्डर आणि न्यू प्लसचं टेम्प्लेटचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून नव्या लॅपटॉपवर त्याच जागी टाका. रजिस्ट्रीसाठी अख्खं 'क्लासेस' नेऊ नका, त्यात जुन्या प्रोग्रामचा कचराही जाईल. 'शेल'च्या आतली फक्त तुमची की निवडून एक्स्पोर्ट करा. मग शॉर्टकट आणि आज्ञांमधले पत्ते तपासा. जुन्या कॉम्प्युटरवर फाईली डी ड्राइव्हवर होत्या आणि नव्यावर सी हा एकच ड्राइव्ह आहे, किंवा विंडोजमधलं तुमचं यूजरनेम बदललं आहे, असं असेल तर ओळी दिसतील पण उघडणार नाहीत. शॉर्टकटच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टार्गेट' बदला आणि रजिस्ट्रीत 'कमांड'च्या 'डिफॉल्ट'मध्ये नवा पत्ता पेस्ट करा.